खाटेवरचे वार्धक्य

अलिबागच्या किनाऱ्यावर सकाळी फेरी मारणारे वृद्ध पाहिले, की वार्धक्य म्हणजे अंथरूण नव्हे, हे पटते. परंतु वृद्धाश्रमाचा उंबरठा ओलांडताच आपण हे विसरतो. जेवण वेळेवर, बिछाना स्वच्छ, औषध हाताशी. एवढे झाले की कर्तव्य संपले! पडतील या भीतीने आजोबांना खाटेवरच बसविले जाते, पाण्याचा पेलाही हाती दिला जातो. अशा मायेनेच पाय निकामी होतात.

अमेरिकेतील बॉस्टन येथे सरासरी ८७ वर्षे वयाच्या १०० दुर्बल आश्रमवासीयांवर झालेला एक प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ज्यांनी दहा आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम केला, त्यांचे स्नायुबल दुपटीहून अधिक झाले. चालण्याचा वेगही वाढला.

आपल्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, कलम १९ अन्वये, जिल्ह्यागणिक १५० निराधार वृद्धांसाठी किमान एका आश्रमाची कल्पना आहे. त्या कलमात वैद्यकीय सेवेचा आणि करमणुकीचा उल्लेख आहे, व्यायामाचा नाही. ही उणीव भरून काढण्यास नवा कायदा कशाला हवा? भिंतीलगत आधाराचा कठडा, न घसरणारी फरशी, देखरेखीखाली नित्य व्यायाम आणि ज्याला झेपेल त्याला भाजी निवडण्याचे वा झाडांना पाणी घालण्याचे काम, एवढ्यानेही पुष्कळ साधेल.

रायगड जिल्ह्याचे मुख्य ठाणे अलिबाग. आरंभ येथूनच व्हावा. तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्यांनी खाटा अवश्य मोजाव्यात. परंतु त्या खाटांवरून उठून किती जण अंगणापर्यंत चालत जातात, हेही विचारावे.