डोळ्यांविना अध्यापन

साप्ताहिक सदर : अभ्यास आणि आरोग्य

योगवर्ग घेणाऱ्या शिक्षकाचे निम्मे काम त्याचे डोळे करीत असतात, आणि ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली असते की, वर्षानुवर्षे शिकवूनही तिची स्वतंत्र दखल घेण्याचा प्रसंग सहसा येत नाही. त्रिकोणासनात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचा मागचा गुडघा सैल पडला, पवनमुक्तासनात कोणी श्वास रोखून धरला, किंवा शवासनात एखाद्याच्या कपाळावरची आठी मोडली नाही, तर शिक्षकाची दृष्टी तेथे आपोआप जाते, पावले तिच्या मागोमाग जातात, आणि तोंडून निघालेली सूचना मोघम असली तरी तिची उणीव हाताने आणि प्रात्यक्षिकाने भरून निघते. पॉडकास्टचे यजमानपद पत्करल्यापासून मला ही सोय उरलेली नाही; आणि ती नसल्यामुळे अध्यापनाविषयी जे उमगले त्याची हकीकत योगशिक्षकांच्या, तशीच साधकांच्याही उपयोगी पडेल, अशा समजुतीने या आठवड्याचे सदर त्या विषयाला देत आहे.

वर्गात ‘पाय बाहेर वळवा’ एवढे म्हटले की भागते, कारण शिक्षकाचा वळलेला पाय समोर दिसत असतो. ध्वनिमुद्रणातून हेच वाक्य ऐकणारा मनुष्य मात्र आपल्या घरी चटईवर उभा राहून, कोणता पाय, किती, आणि टाचेवर की चवड्यावर वळवावयाचा, या विचारात पडतो, व त्याचा उलगडा होण्यापूर्वीच पुढची सूचना येऊन गेलेली असते. शाब्दिक सूचनेच्या काटेकोरपणासाठी जगभर ख्याती पावलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांनाही १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइट ऑन योग’ या ग्रंथात सुमारे सहाशे छायाचित्रांची तरतूद करावी लागली, हा दाखला मी ध्वनिमुद्रणाला बसण्यापूर्वी मनाशी ठेवते. त्यामुळे आता प्रत्येक सूचना आधी कागदावर उतरते : जमिनीला टेकलेला अवयव प्रथम, मग बाजू, मग क्रिया, आणि त्यानंतर ऐकणाऱ्याच्या देहाला शब्दापर्यंत पोहोचता यावे इतकी उसंत. ही उसंत कागदावरसुद्धा लिहून ठेवावी लागते, नाहीतर बोलण्याच्या ओघात ती हटकून गळते.

श्वासाबद्दल तर या कामाने मला जे दाखविले ते वर्गात दिसणे कठीण होते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या श्वसनचक्रात श्वास घेण्याला साधारणपणे दहातले चार भाग वेळ लागतो आणि सोडण्याला सहा; बोलताना मात्र घेण्याच्या वाट्याला दहातला जेमतेम एक भाग येतो आणि उरलेला सगळा काळ वाक्य उच्छ्वासावर वाहून नेले जाते. म्हणजे बोलणे हा स्वभावतःच एक दीर्घ रेचक आहे, आणि जो शिक्षक आपले वाक्य श्वास संपल्यावरही ओढीत नेतो तो ‘सावकाश श्वास सोडा’ असे सांगत असताना प्रत्यक्षात त्याच्या उलट वर्तनाचा पाठ देत असतो. आमच्या भागांचे संपादन माझा एक तरुण विद्यार्थी करतो. संगणकाच्या पडद्यावर आवाजाचा आलेख उमटला की प्रत्येक वाक्याच्या अगोदर एक बारीकसा फुगवटा दिसतो. तो माझा श्वास. “ताई, हे कापून टाकू का? सगळेच कापतात, ऐकायला स्वच्छ वाटतं,” असे त्याने विचारले आणि एक तुकडा तसा करून दाखविला. वाक्यामागून वाक्य, मध्ये कोठेही उसासा नाही, असे ते निवेदन थोडा वेळ ऐकले आणि माझ्या छातीत दाटल्यासारखे होऊ लागले. त्याच्याकडे पाहिले तर तो म्हणाला, “ताई, मीसुद्धा श्वास धरूनच ऐकतोय.” श्रोत्याचे श्वसन वक्त्याच्या श्वसनामागे किती नकळत चालते याचा याहून स्पष्ट पुरावा मला नको होता. काढलेले श्वास पुन्हा आपापल्या जागी बसविण्यात आले, आणि फार ठळक ऐकू येणारा श्वास मंद करावा पण समूळ काढू नये, असा शिरस्ता तेव्हापासून पडला आहे.

पाहुण्यांना प्रश्न विचारण्याची रीतही वर्गातल्या रीतीहून निराळी निघाली. वर्गात शिक्षक विचारतो, “कुठे दुखतंय?” आणि उत्तर पुरे होण्याच्या आधी त्याच्या मनात आसनाची योजना तयार झालेली असते, त्यात वावगे काही नाही, कारण मागे आणखी वीस माणसे खोळंबलेली असतात. एका भागात एसटीच्या सेवेतून निवृत्त झालेले एक चालक आले होते. घाटरस्त्यांवर आयुष्य गेलेले, कंबरदुखीसाठी योगाकडे वळलेले. दुखणे केव्हापासून, असे विचारल्यावर ते थांबले. मध्ये शब्द घालण्याचा मोह मी आवरला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “बाई, गाडीवर होतो तोवर कंबर गप्प होती. घरी बसलो आणि ती बोलायला लागली.” मग त्यांनी सांगितले ते कंबरेविषयी थोडे आणि रिकाम्या दिवसांविषयी फार होते : पहाटे डेपोत जाण्याची सवय तुटलेली, चहाच्या टपरीवरची माणसे पांगलेली, दुपार सरता सरत नाही. पाठीच्या कण्यासाठी नेमावयाच्या आसनांइतकेच त्यांना पहाटेच्या वेळी कोठेतरी वेळेवर हजर राहण्याचे निमित्त हवे होते, आणि सकाळी साडेपाचच्या वर्गाने ते पुरविले होते. घाईने विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाखाली हे सारे गाडले गेले असते. ती स्तब्धता आम्ही प्रसारणात जशीच्या तशी ठेवली.

परंतु यजमानाच्या मौनाला एक दुसरी बाजू आहे, आणि या लेखाचे खरे प्रयोजन तीच आहे. समोरचा बोलत असताना “हो”, “बरोबर”, “अगदी खरं” असे हुंकार देणे हा आपल्याकडे सभ्यतेचा भाग समजला जातो. दिवाणखान्यात तो शोभतोही. ध्वनिक्षेपकासमोर मात्र त्या हुंकाराला साक्षीदाराच्या सहीचे वजन येते. पाहुणा सहज बोलून जातो की अमुक प्राणायामाने मधुमेहाची औषधे सुटतात, अमुक क्रियेने कर्करोग परततो. आणि यजमान, तोही योगशिक्षक म्हणून ओळखला जाणारा, “बरोबर” म्हणतो. ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याने दुसऱ्या दिवशी गोळी घेतली नाही, तर त्याची जबाबदारी एकट्या पाहुण्याची राहत नाही. दर आठवड्याला प्रसिद्ध होणाऱ्या योगविषयक संभाषणांचा मोठा भाग आज या निष्काळजी संमतीवर चालला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मला अतिशय अस्वस्थ करते.

अस्वस्थ होण्याचे विशेष कारण असे की, या बाबतीत महाराष्ट्राच्या पदरी फार वेगळी परंपरा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले, ते योगाची थोरवी गाण्यासाठी नव्हे. उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी पोटात नेमके काय घडते हे क्ष-किरणांनी व दाबमापकाने पाहून त्याची नोंद दप्तरी ठेवण्यासाठी. नौली करताना मोठ्या आतड्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो, ही गोष्ट त्यांनी श्रद्धेने मांडली नाही, मोजून मांडली. योगावरील निष्ठा आणि पुराव्याचा आग्रह एकाच माणसात नांदू शकतात, नव्हे त्या निष्ठेनेच हा आग्रह जन्मास येतो, हे शंभर वर्षांपूर्वी आपल्याच घाटमाथ्यावर सिद्ध झालेले असता, आज “कशावरून?” हा साधा प्रश्न पाहुण्याचा उपमर्द कसा ठरतो? माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आगाऊ कळविते की हा प्रश्न विचारला जाईल. काहींनी त्यामुळे येण्याचे टाळले. जे आले त्यांचे बोलणे अधिक मोलाचे झाले, कारण ‘माझ्या पाहण्यातल्या काही जणांना आराम पडला’ आणि ‘हा रोग यामुळे बरा होतो’ या दोन विधानांमधले अंतर त्यांनी स्वतःहून श्रोत्यांपुढे मांडले.

याच जबाबदारीतून काही विषय आवाजाच्या अमलाबाहेर ठेवावे लागतात. शीर्षासन मी पॉडकास्टवरून शिकवीत नाही. त्या स्थितीत डोळ्यांतील दाब जवळजवळ दुप्पट होतो. काचबिंदू असलेल्या माणसाला ते घातक आहे, आणि पलीकडे कोण आहे, त्याची मान कशी आहे, रक्तदाब किती आहे, हे मला दिसत नाही. दीर्घ कुंभकाचेही तेच. उलटपक्षी शवासन, भ्रामरी, शरीरभर लक्ष फिरविण्याचा अभ्यास, या गोष्टी केवळ आवाजावर उत्तम चालतात. किंबहुना शिक्षक दिसत नसल्यामुळे साधकाचे चित्त अधिक लवकर आत वळते. तेथेही एक ताकीद आवश्यक असल्याचे एका श्रोत्याच्या पत्रावरून ध्यानात आले. मुंबई-पुणे रस्त्याने स्वतः मोटार चालवीत असता त्याने शिथिलीकरणाचा भाग लावला होता. पत्रात तक्रार नव्हती, कौतुकच होते. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. आता असा प्रत्येक भाग ‘आपण वाहन चालवीत असाल तर हे येथेच बंद करा’ या वाक्याने सुरू होतो, आणि ते वाक्य म्हटल्यावाचून डोळे मिटण्याची सूचना दिली जात नाही.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांना योग शिकविणाऱ्या शिक्षकांना यातले पुष्कळसे पूर्वीपासून ठाऊक आहे. दिसणाऱ्यांना शिकविणाऱ्या आम्हा लोकांना मात्र त्याची सक्ती कधी झाली नाही. योगशिक्षकांच्या परीक्षेत प्रात्यक्षिक पाठ असतो, त्यात उमेदवार स्वतः आसन करून दाखवितो, इतरांकडून करवून घेतो आणि गुण मिळवितो. त्या पाठाला आणखी एक भाग जोडावा, अशी माझी परीक्षा घेणाऱ्या संस्थांना आग्रहाची विनंती आहे. उमेदवाराला पडद्याआड बसवावे. पडद्याच्या पलीकडे पूर्वी कधीही योग न केलेली तीन माणसे असावीत : एक तरुण, एक पन्नाशीची गृहिणी, एक गुडघेदुखीने बेजार झालेले आजोबा. केवळ शब्दांनी त्यांना ताडासनात उभे करावे आणि तेथून शवासनापर्यंत सुखरूप न्यावे. आणि ती माणसे प्रत्यक्षात काय करतात याची परीक्षकाने निमूटपणे टिपणे घ्यावीत. गुणांचा निम्मा वाटा या टिपणांना असावा, आणि आजोबांना खुर्ची हवी आहे का हे उमेदवाराने आपणहून विचारले की नाही, याला त्यात स्वतंत्र रकाना असावा.

— योगाध्यापिका