यंत्र आणि गृहस्थ : डिझेल-पंपाचा पंक्तिप्रपंच

पुष्कळ घरांत वडिलांच्या हातची एखादी डिझेलवर चालणारी जीप अद्याप असते. मंडळींचा तिच्यावर लोभ असतो. परंतु एके दिवशीं ती काळा धूर सोडूं लागते, चढावर दम टाकते, आणि तापलेलें इंजिन बंद केलें तर लौकर पुन्हां सुरू होत नाहीं. मग 'पंप गेला' असा निवाडा होतो, आणि गाडी मोडींत काढावी कीं पंपावर खर्च करावा, हा वाद घरांत उभा राहतो. या वादाचा निकाल करण्यापूर्वीं पंपाचें कार्य काय, हें गृहस्थानें समजून घेणें अगत्याचें आहे.

रुडॉल्फ डिझेल यांचें इंजिन १८९७ सालीं यशस्वीपणें चाललें, तेव्हां त्यांत इंधन फवारण्यासाठीं दाबलेल्या हवेचा उपयोग करीत. ती हवा पुरवणारें यंत्रच इतकें अवजड कीं, गाडींत तें बसवणें कठीण. पुढें जर्मनींत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें १९२७ सालीं आटोपशीर पंप मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला, आणि डिझेल इंजिनाचा रस्त्यावरील प्रवास सुकर झाला. आपल्या देशांत १९५१ सालीं बंगळूर येथें स्थापन झालेल्या 'मायको' कंपनीचे पंप जुन्या गाड्यांवर पुष्कळ आढळतात.

जुन्या धाटणीच्या पंपांत प्रत्येक सिलिंडरसाठीं एक दट्ट्या व त्याची नळी अशी जोडी असते. कारागीर तिला 'एलिमेंट' म्हणतात. दट्ट्याच्या अंगावर तिरपी खांच असते. दट्ट्या जरासा फिरवला म्हणजे या खांचेमुळें डिझेलचें माप कमीअधिक होतें. इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असतां प्रत्येक दट्ट्याला सेकंदास २५ वेळां माप घालावें लागतें, आणि लहान गाडींत तें माप फार तर एका थेंबाएवढें! तेंही हवेच्या दाबाच्या शंभराहून अधिक पट दाबानें. म्हणून दट्ट्या व नळी यांतील फट साधारणपणें दोनतीन सहस्रांश मिलिमीटर ठेवलेली असते. माणसाचा केस तिच्या वीसपट तरी जाड भरेल. प्रत्येक जोडी एकमेकांसाठींच घासून जमवलेली असल्यामुळें एका नळीचा दट्ट्या दुसरींत घालणें सर्वथा वर्ज्य होय.

वाढणाऱ्यानें एकाच्या पानावर तुपाची धार धरावी व दुसऱ्याच्या पानावर नुसता थेंब टाकावा, याला आपण पंक्तिप्रपंच म्हणतों. झिजलेला पंप नेमकें हेंच करतो. एक सिलिंडर अजीर्णानें धूर ओकतो, दुसरा उपाशी राहतो, आणि सारें इंजिन थरथरतें. तापलेलें डिझेल पातळ होऊन झिजलेल्या फटींतून निसटतें. गरम इंजिन सुरू होण्यास कुरकुरतें तें याचमुळें.

तथापि प्रत्येक धूर पंपाचाच असतो असें नाहीं. आधीं हवेची गाळणी, डिझेलची गाळणी, टाकींतलें पाणी, सांध्यांतून शिरणारी हवा आणि नोझल हीं क्रमानें तपासून घ्यावीं. पुष्कळदां थोड्या खर्चांत काम भागतें. पंपाच्या स्वतःच्या तेलाची पातळी वाढून त्याला डिझेलचा वास येऊं लागला, तर मात्र आंतून गळती असल्याचा संशय बळावतो. नोझलचा फवारा घरीं कधींही पाहूं नये. तो कातडी भेदून अंगांत शिरतो. जखम टोंचल्याएवढी दिसली तरी तत्काळ शस्त्रवैद्य गांठावा.

पंप उतरवण्यापूर्वीं तो बाहेरून धुवावा, जुळणीच्या खुणा टिपाव्या, आणि उघड्या नळ्यांचीं तोंडें झांकावीं. पुढचें काम परीक्षण-यंत्र असलेल्या कारखान्याचें. तेथें झिजलेल्या जोड्या बदलल्यावर प्रथम पाळी तपासतात. चार सिलिंडरच्या पंपांत प्रत्येक वाटेचा आरंभ पंपाच्या दांड्याच्या ९० अंशांच्या अंतरानें व्हावा लागतो. मग ठराविक ठोक्यांत प्रत्येक वाटेनें किती इंधन पडलें, हें काचेच्या मापनळ्यांतून मोजून सर्व वाटे सारखे करतात. शेवटीं वेग आवरणारा गव्हर्नर लावून मोहोर करतात.

ही मोहोर तोडून 'जरा जोर वाढवून देतों' म्हणणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात. त्यांना नम्रपणें परत पाठवावें. हवेच्या मानानें इंधन अधिक झालें म्हणजे त्याची काजळी होते, आणि ती अंगणांत खेळणाऱ्या मुलांच्या छातींत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २०१२ सालीं डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला, हें ध्यानीं असूं द्यावें.

सारांश, इंजिनाचें अंग धड असेल, सुटे भाग मिळत असतील, आणि कारागीर मापाचे आंकडे कागदावर देण्यास तयार असेल, तर पंपावर खर्च करण्यास हरकत नाहीं. बदललेले जुने भाग मागून घ्यावे व तो कागद जपून ठेवावा. पुढें गाळणी वेळेवर बदलावी, तळचें पाणी काढीत जावें, आणि रॉकेलची भेसळ कटाक्षानें टाळावी. कारण दट्ट्याला वंगण मिळतें तें डिझेलचेंच. यांपैकीं एकही गोष्ट जमण्याजोगी नसेल, तर लोभ आवरून गाडीला निरोप देणें हेंच शहाणपणाचें.