कंट्रोल-क्यूचा घोळ



माझी भाची डिझाइनचा कोर्स करून एका लग्नपत्रिकांच्या दुकानात कामाला लागली. कोर्समध्ये इलस्ट्रेटर शिकली होती, दुकानात निघालं कोरलड्रॉ. "खाला, दोन्ही सारखीच असतात," म्हणाली. पहिल्याच आठवड्यात रडत घरी आली.

झालं असं की, निकाहच्या कार्डाचा मराठी मजकूर तयार करून तिने फाइल सेव्ह केली आणि सवयीने कंट्रोल-क्यू दाबलं. इलस्ट्रेटरमध्ये याने प्रोग्राम बंद होतो. कोरलड्रॉत मात्र निवडलेला मजकूर कर्व्हजमध्ये जातो, म्हणजे अक्षरांची अक्षरं न राहता नुसते आकार होतात. पडद्यावर फरक जवळजवळ दिसतच नाही. बटण नीट दाबलं गेलं नसेल असं समजून तिने माउसने प्रोग्राम बंद केला, आणि बदल सेव्ह करू का, या प्रश्नाला हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी मुलाकडच्यांनी वलीम्याची वेळ बदलली. आता कर्सर मजकुरात शिरेना! सगळं पुन्हा टाइप केलं. मालकांची बोलणी ऐकली ती वेगळीच.

कर्व्हज वाईट नव्हेत. छापखान्याच्या संगणकावर आपला फॉन्ट नसेल तर मजकूर बिघडतो. उर्दूच्या नस्तालीकचे तर हालच होतात. म्हणून कर्व्हज करायचेच, पण अगदी शेवटी आणि वेगळ्या नावाने सेव्ह केलेल्या प्रतीवर.

मग ती म्हणाली, कंट्रोल-क्यूच बदलून टाकते. मी म्हटलं, थांब. त्याच संगणकावर दुपारी एक चाचा बसतात, त्यांची बोटं वर्षानुवर्षं त्याच बटणावर बसली आहेत. त्यांनी काय करायचं?

वाट आहे. कोरलड्रॉत आपल्या नावाचा वेगळा वर्कस्पेस करता येतो. तो निवडून ऑप्शन्समधल्या कस्टमायझेशनमध्ये जायचं (आवृत्तीप्रमाणे जागा थोडी बदलते), कमांड शोधायची, शॉर्टकट कीजच्या रकान्यात हवी ती बटणं दाबायची आणि असाइन करायचं. त्याआधी ती बटणं दुसऱ्या कशाला दिलेली आहेत का, ते तिथेच लिहून येतं. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. इलस्ट्रेटरमध्ये हेच एडिट मेनूतल्या कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये होतं, आणि आपला संच वेगळ्या नावाने ठेवता येतो.

पण सगळंच बदलत बसू नका. एफ 10 ने शेप टूल, कंट्रोल-डी ने दुसरी प्रत, पी ने पानाच्या मधोमध, ही तयार बटणं आधी हातात बसू द्या. दिवसातून वीस वेळा जे मेनूत शोधावं लागतं, त्यालाच आपलं बटण द्यावं. भाचीने ते पॉवरक्लिपला दिलं, कारण मेहराबीच्या चौकटीत जाळीची नक्षी बसवणं हे तिचं रोजचंच काम. कंट्रोल-क्यू तिने आहे तिथेच ठेवलं. संगणकाच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली आहे, उर्दूत: "पहले कॉपी."

चाचांनी विचारलं, ही कोणासाठी? म्हणाली, माझ्यासाठीच.