लोखंड ताऱ्याचं, दुर्बीण कुणाची?

रोहित वेमुलाच्या शेवटच्या चिठ्ठीत ताऱ्यांची धूळ आहे. १७ जानेवारी २०१६ नंतर ती पोस्टरांवर आली, भाषणांत आली, टाळ्या घेऊन गेली. आपले पोट्टे तिला कविता समजतात. कविता नाही बाप्पा ते, पदार्थविज्ञान आहे. कार्ल सेगनसारखं विज्ञान लिहायचं होतं त्याला. त्यानं शब्द मोजून टाकलाय.

तारा फुटतो तेव्हा उडालेला माल सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं भोवतालच्या वायूवर आदळतो. वायू कोट्यवधी अंश तापतो, अन् इतकं तापलेलं क्ष-किरणांत चमकतं. मेडिकलमध्ये छातीचा फोटो काढताना किरण मशीन सोडते. इथं मेलेल्या ताऱ्याचा ढिगाराच सोडतो. त्यात प्रत्येक मूलद्रव्याची रेघ वेगळी. १९९९ साली सोडलेल्या चंद्रा दुर्बिणीनं कॅसिओपिया ए या अवशेषात सिलिकॉन कुठं, कॅल्शियम कुठं, लोखंड कुठं, हे वेगवेगळं दाखवलं. आपल्या रक्तातलं लोखंड असल्याच स्फोटांतून आलंय. दीक्षाभूमीवरच्या माणसाचंही, रेशीमबागेतल्याचंही.

इथपर्यंत सगळेच माना डोलावतात. समता आभाळात असली की कुणाच्या बापाचं काय जातं!

माझं भांडण खालचं आहे. क्ष-किरण हवेत अडतात, जमिनीवर पोचत नाहीत. दुर्बीण वर न्यावी लागते. म्हणजे रॉकेट, म्हणजे सरकारी पैसा, म्हणजे तुमचा-माझा. २८ सप्टेंबर २०१५ ला ॲस्ट्रोसॅट उडाला. रोहित तेव्हा हयात होता, हैदराबाद विद्यापीठात पीएच.डी. करत होता. ॲस्ट्रोसॅटनं खेकडा तेजोमेघ न्याहाळला. १०५४ साली चिन्यांनी 'पाहुणा तारा' म्हणून नोंदवलेल्या स्फोटाचा हा अवशेष. त्याच्या पोटातला तारा सेकंदाला तीस गिरक्या घेतो. त्याच्या क्ष-किरणांचं ध्रुवीकरण एका गिरकीतसुद्धा बदलतं, हे २०१७ मध्ये छापून आलं. काम अव्वल आहे, उगाच नाक मुरडू नका. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था अन् अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा त्यात पुढे होत्या.

आता केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या शिक्षकांच्या आरक्षणाचा २०१९ चा कायदा काढा. कलम ४ वाचा. शिक्षकांच्या जागांचं आरक्षण ज्यांना लागू नाही, त्यांची यादी शेवटच्या परिशिष्टात आहे. या दोन्ही संस्था तिच्यात आहेत. उत्कृष्टतेच्या, राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था म्हणे! म्हणजे आमच्या अंगातलं लोखंड राष्ट्रीय महत्त्वाचं, अन् ते मोजायला आम्ही आलो की उत्कृष्टता बाटते? काऊन बे?

यावर ठरलेलं उत्तर येईल : फॉर्म भरा ना, दार उघडंच आहे. दार उघडं असतं तर कायद्यात कडी घालायची गरज काय होती?

धुळीचा गौरव पुरे झाला. मला यंत्रापुढची खुर्ची पाहिजे. यादी छोटीच आहे. झेरॉक्स काढा, अमरावती रोडच्या कॅम्पसवर फिजिक्सच्या बोर्डाला लावा. अन् खासदाराला लेखी विचारा, ही नावं तिथून कधी काढता.