हिरवे तितके जंगल नव्हे

देशात जंगल किती, या प्रश्नाचे अधिकृत उत्तर डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी उपग्रहप्रतिमांच्या आधारे देत आली आहे, आणि २०२३ च्या अहवालानुसार देशाच्या भूभागापैकी २५.१७ टक्के क्षेत्र वनाच्छादित आणि वृक्षाच्छादित आहे. आकडा दिलासादायक वाटतो. मात्र त्यात काय काय मोजले गेले, हे पाहिल्यावाचून त्यावर समाधान मानणे योग्य नव्हे.

पानातील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते, तर डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश पानावरून मोठ्या प्रमाणात परावर्तित होतो. या दोन प्रकाशपट्ट्यांच्या नोंदींतील फरकावरून जमिनीवरील हिरवेपणाचा निर्देशांक काढला जातो आणि झाडांच्या शेंड्यांनी जमीन किती झाकली, म्हणजेच वृक्षछत्राची घनता किती, याचा अंदाज बांधला जातो. एक हेक्टर वा अधिक सलग क्षेत्रावर हे छत्र १० टक्के वा त्याहून जास्त असेल, तर जमीन कोणाच्या मालकीची आणि झाडे कोणत्या जातीची, याचा विचार न करता ते क्षेत्र वनाच्छादनात धरले जाते. क्षेत्रीय पडताळणी होते, पण व्याख्याच इतकी सैल असल्यावर पडताळणी करणारा तरी काय करणार? दोडामार्ग परिसरात नैसर्गिक जंगल तुटून तेथे रबराची लागवड उभी राहिली, तरी झाडे पुरेशी वाढताच ते क्षेत्र पुन्हा वनाच्छादनात जमा होते. भारतातील दूरसंवेदनाची सुरुवात १९७० च्या सुमारास पी. आर. पिशारोटी यांनी केरळमधील रोगट माड हवाई अवरक्त छायाचित्रांतून ओळखून केली. त्याच देशात अर्ध्या शतकानंतर निरोगी माडाची बाग आणि अरण्य यांची नोंद एकाच रकान्यात व्हावी, हे विपरीत आहे.

याहून मोठा अन्याय जेथे झाडेच नाहीत तेथे होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील सडे, म्हणजे जांभ्या खडकाची सपाट पठारे, वर्षातील बहुतेक काळ काळी-तपकिरी दिसतात. पावसाळ्यात मात्र खडकावरच्या मातीच्या पातळ थरात गेंद, सीतेची आसवं यांसारख्या अल्पायुषी वनस्पती फुलतात. नेमक्या त्या काळात कोकणावर ढग दाटलेले असतात, प्रकाशावर चालणाऱ्या कॅमेऱ्याला जमीन दिसत नाही, आणि आकाश निवळल्यावर घेतलेल्या प्रतिमेत उरतो तो उघडा कातळ. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात अशा कातळाला आणि झुडपी माळरानांना स्वतंत्र प्रवर्ग आहेत, परंतु ते पडीक या शीर्षकाखाली. सरकारी कागदावर हा शब्द एकदा उमटला, की तेथे प्रकल्प उभारणे किंवा खड्डे खणून झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरते. वस्तुतः सोलापूरच्या माळावरील माळढोकाला झाडे नकोत, मोकळे गवताळ रान हवे असते. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेले म्हणून वाचले. त्याच जातकुळीच्या कोकणातील सड्यांना ते भाग्य लाभलेले नाही.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला, इस्रो आणि नासा यांचा संयुक्त निसार उपग्रह रडारलहरींनी ढगांआडूनही पाहतो आणि दर १२ दिवसांनी त्याच जागेची प्रतिमा घेऊ शकतो. जंगलाची घडण, जमिनीची हालचाल आणि मातीतील ओल यांचा अंदाज त्यामुळे अधिक चांगला येईल. मात्र बोटभर उंचीच्या फुलझाडाची जात रडारला कळत नाही. ती तेथे जाऊनच ओळखावी लागते आणि स्थानिकांना ती माहीत असते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी केलेल्या लोक जैवविविधता नोंदवह्या याच कामाच्या आहेत, पण बहुतेक ठिकाणी त्या नकाशाला जोडलेल्या नाहीत.

म्हणून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पुढील वन अहवालात नैसर्गिक जंगल आणि लागवड यांचे आकडे वेगळे छापावेत, आणि नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने वनस्पतिशास्त्रज्ञ व ग्रामपंचायती यांना बरोबर घेऊन सडे आणि गवताळ माळ यांचा भर पावसाळ्यातील सर्वेक्षणावर आधारलेला नकाशा तयार करावा. तो प्रसिद्ध होईपर्यंत पडीक या शिक्क्याच्या आधारे यांतील एकाही जमिनीचे हस्तांतर राज्य सरकारने करू नये.