चर्चगेटमधले चर्च आणि त्याचा आवाज

‘चर्चगेट’ हा शब्द मुंबईत रोज लाखो लोक उच्चारतात. त्यातले चर्च कोणते, हा प्रश्न मात्र सहसा कुणाला पडत नाही. नवी मुंबईत एम.ए.च्या वर्गाला फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) शिकवताना मी तो एकदा विचारला. उत्तर आले, ‘सर, ते स्टेशन आहे.’ हसू आले, पण खंतही वाटली. ख्रिस्ती ओवी अभ्यासक्रमात आहे; ख्रिस्ती वास्तू मात्र आमच्या अनुभवात नाही. शिवाय आमचे शहर १९७० नंतर सिडकोने वसवलेले. त्यामुळे जुने काही पाहायचे तर बहुधा खाडी ओलांडावी लागते.

आम्ही ती ओलांडली. हॉर्निमन सर्कलजवळचे सेंट थॉमस कॅथीड्रल हेच ते चर्च. सतराव्या शतकात गव्हर्नर ऑंजिअरच्या काळात सुरू झालेले त्याचे बांधकाम सुमारे चाळीस वर्षे अर्धवट पडून होते. रिचर्ड कॉब या धर्मगुरूने वर्गणी गोळा करून ते तडीस नेले आणि १७१८ च्या नाताळात ते उपासनेसाठी खुले झाले. १८३७ मध्ये त्याला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. किल्ल्याचा कोट १८६० च्या दशकात पाडला गेला. त्याबरोबर या चर्चच्या दिशेचा दरवाजाही गेला. नाव तेवढे उरले.

आत संगमरवरी स्मारके पाहता पाहता एका विद्यार्थिनीने पाइप ऑर्गनच्या उभ्या नळ्यांकडे बोट दाखवले. ‘ही शोभेची आहेत का?’ माझा हा लेख खरे तर त्या प्रश्नाचे लांबलेले उत्तर आहे.

मराठी माणसाला ‘ऑर्गन’ हा शब्द नवा नाही. बालगंधर्वांच्या नाट्यपदांना ऑर्गनचीच साथ असे. पण तो पायाने हवा खेळवून पितळी पट्ट्या कंपित करणारा ऑर्गन. चर्चमधला त्याचा थोरला भाऊ खरोखरीच्या नळ्यांतून बोलतो. एका नळीचा एकच स्वर. आठ फुटी नळीतून खर्जातला जो स्वर निघतो, तोच आणखी एक सप्तक खाली हवा असेल तर नळी सोळा फुटांची लागते. म्हणजे हे वाद्य वास्तूत नुसते ठेवलेले नसते. वास्तूच्या उंचीचा आणि घुमाऱ्याचा हिशेब त्याच्या स्वरात मिसळलेला असतो.

इथेच माझा मुद्दा येतो. बृहन्मुंबईत १९९५ पासून वारसा-नियम आहेत. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला आतून-बाहेरून संरक्षण आहे. याच कॅथीड्रलच्या जीर्णोद्धाराला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही लाभला. हे सारे अभिमानास्पदच. परंतु नियम फार तर ‘हलवू नका, तोडू नका’ एवढेच म्हणू शकतो. ‘वाजवा’ असे म्हणू शकत नाही. ऑर्गनचे दुखणे नेमके उलट आहे. दमट हवेत त्याचे लाकूड फुगते, भात्याचे कातडे कालांतराने तडकते, नळ्यांत धूळ साचते. जाणत्या हाताने तो वारंवार तपासला, सुरात लावला आणि वाजवला, तरच तो टिकतो. दगड न हलवल्याने जपला जातो. हवेवर जगणारे वाद्य तसे जपता येत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हे साहेबाचे वाद्य, आपल्याला त्याचे काय? पण पेटीही तिकडूनच आली आणि आपण तिला नाट्यसंगीतात व कीर्तनात सामावून घेतले. शिवाय वास्तू साहेबाची म्हणून आपण तिची श्रेणी काढून घेतली नाही; मग तिच्या कंठालाच परका का म्हणावे? दुसरा आक्षेप खर्चाचा. तो खरा आहे, आणि म्हणूनच हा भार एकट्या उपासक मंडळींवर टाकणे योग्य नाही. जिथे जिथे असे ऑर्गन आहेत, तिथे वास्तूच्या देखभालीच्या अंदाजपत्रकात वाद्याचे स्वतंत्र कलम असावे. प्रत्येक नळीचे मोजमाप आणि प्रत्येक स्वराचे ध्वनिमुद्रण व्हावे. विद्यापीठांच्या संगीत विभागांनी आणि आम्हा मराठीच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांना तिथे ऐकायला न्यावे. रेव्हरंड टिळकांच्या मराठी भजनांना एखाद्या संध्याकाळी या वाद्याची साथ का मिळू नये?

ती नळ्यांची रांग शोभेची नव्हे, हे मी त्या विद्यार्थिनीला तिथेच सांगितले. पण नुसत्या सांगण्याने तिला ते पटावे कसे? ते तिच्या कानांवरच पडायला हवे.