सुपारी पूजेत असो, गालात नको

तंबाखू तेवढी घातक, सुपारी मात्र निरुपद्रवी, हा समज सुशिक्षित घरांतही घट्ट रुजला आहे. जेवणानंतर पाहुण्यांपुढे सुपारीची डबी सरकवली जाते; मुलांच्या हातीही गोड सुपारीची पुडी दिली जाते. वस्तुस्थिती काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तंबाखू नसलेली सुपारीदेखील कर्करोगाचे निश्चित कारण ठरवली आहे.

सुपारीतील अ‍ॅरेकोलीन या द्रव्यामुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साचत जातात. सुपारीतील तांबे त्यांची वीण अधिकच घट्ट करते. प्रथम तिखट सोसेनासे होते, गाल ताठरतात, पुढे तोंडात दोन बोटेही शिरत नाहीत. सुपारी सोडली तरी हे तंतू सहसा विरत नाहीत आणि काही रुग्णांत यातूनच कर्करोग उद्भवतो. तंबाखूची जोड मिळाली की धोका कैक पटींनी वाढतो. विदर्भातील खर्रा हे असेच जीवघेणे मिश्रण होय.

महाराष्ट्राने २०१२ साली गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली, तरी पुड्या चोरून विकल्या जातातच. कायद्याचा हात घरातल्या डबीपर्यंत पोहोचत नाही. तेथे कुटुंबानेच निर्धार केला पाहिजे. गणेशाचे प्रतीक म्हणून सुपारी पूजेत मांडावी, तिचा मान राखावा. मात्र तिला चघळण्याचे व्यसन म्हणजे परंपरा नव्हे. ती डबी आजच घराबाहेर काढू या!